सत्तर जणींची सकाळ

पंडिता रमाबाई आपल्याला शाळेत भेटतात त्या फार नीटनेटक्या असतात. संस्कृत पंडिता, बालविधवांच्या कैवारी, शारदा सदनाच्या संस्थापक. कॉलेजात थोड्या अधिक भेटतात. 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' (१८८७) या पुस्तकाचं नाव कानावर पडतं, अमेरिका प्रवासाचं वर्णन वाचायला मिळतं, सिस्टर जेराल्डीनशी झालेला पत्रव्यवहार सांगितला जातो आणि 'बघा, चर्चच्या अधिकाराशीही भांडल्या' असं कौतुकाने म्हटलं जातं. मग धडा संपतो. १९०५ साली केडगावात काय झालं, यावर आपल्याकडचं पुरोगामी कौतुक एकदम गप्प होतं. मला हे गप्प होणं खटकतं. रमाबाईंचं बंड आपल्याला हवं असतं, पण त्यांचे मिटलेले डोळे बघायची आपली तयारी नसते.

हा लेख त्या मिटलेल्या डोळ्यांविषयी आहे. मी ख्रिस्ती नाही आणि कोणाला धर्म पटवून देण्याचा माझा हेतूही नाही. मला वाचायचे आहेत ते काही मजकूर. मुख्य म्हणजे रमाबाईंनी १९०७ साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षाच्या आसपास लिहिलेलं 'अ टेस्टिमनी' हे छोटं आत्मकथन. चर्चमध्ये अशा लेखनाला साक्ष म्हणतात, म्हणून इथे तिला 'साक्ष'च म्हणू.

आधी घडलं काय ते सांगतो. केडगाव म्हणजे नगरजवळचं नव्हे, पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचं. तिथे दुष्काळातून आणलेल्या मुली-बायकांसाठी रमाबाईंनी 'मुक्ती' उभी केली. १८९६-९७चा दुष्काळ, पाठोपाठ १९००चा गुजरातचा. माणसं वाढत वाढत दोन हजारांच्या आसपास गेली. त्याच सुमारास वेल्समध्ये इव्हान रॉबर्ट्स नावाच्या तरुणाच्या सभांतून मोठी धार्मिक लाट उठली होती. वेल्श मिशनच्या वाटेने ती १९०५च्या सुरुवातीला आपल्याकडच्या खासी टेकड्यांत पोचली होती. मराठी चर्चमध्ये अशा लाटेला 'संजीवन' म्हणतात, किंवा सरळ 'रिव्हायव्हल'. या बातम्या मुक्तीतही येत होत्या. १९०५च्या आरंभी रमाबाईंनी एक प्रार्थनामंडळ सुरू केलं. रोज सकाळी सुमारे सत्तर जणी जमू लागल्या. मागणी अशी, की भारतातल्या ख्रिस्ती लोकांचं, स्वतःसकट, खरं परिवर्तन व्हावं. सहा महिने हे चाललं, जमणाऱ्यांची संख्या काही पटींनी वाढली आणि जूनअखेरीस मुलींच्या खोल्यांतून रडणं, पापांची कबुली, मोठमोठ्याने प्रार्थना असं सगळं उसळलं.

या जूनच्या रात्रीची एक कथा जगभर गेली. मध्यरात्र उलटून गेल्यावर एका मुलीच्या अंगावर ज्वाळा दिसल्या आणि दुसरी घाबरून पाण्याची बादली आणायला धावली. जळत मात्र काहीच नव्हतं. ही कथा लोकप्रिय झाली ती मुक्तीतल्या अमेरिकन मिशनरी मिनी एब्रम्स यांच्यामुळे. त्यांनी १९०६ साली पवित्र आत्मा आणि अग्नीचा बाप्तिस्मा या विषयावर इंग्रजीत पुस्तिका लिहिली. एब्रम्सबाईंना गोष्ट सांगता येत होती. बादलीचा तपशील बघा. ज्वाळांवर तुमचा विश्वास बसो न बसो, बादलीवर बसतोच. चमत्काराच्या गोष्टीत असं एखादं घरगुती भांडं आलं की ऐकणारा अडकला म्हणून समजा.

रमाबाईंची 'साक्ष' मात्र याच घटनेला शेवटाकडे अगदी थोडी जागा देते. मंडळ सुरू केलं, सत्तर जणी होतो, सहा महिन्यांनी संजीवन आलं, इथे आलं आणि देशातल्या इतर शाळा-चर्चमध्येही आलं. बस. ज्वाळा नाहीत, बादली नाही. हे हातचं राखून सांगणं मला फार बोलकं वाटतं. एब्रम्स आपल्याला ती एक रात्र देतात. रमाबाई सहा महिन्यांच्या सकाळी देतात. काय महत्त्वाचं, याबद्दलच्या दोन वेगळ्या समजुती इथे आहेत आणि मी रमाबाईंच्या बाजूने आहे.

कारण संजीवनाच्या गोष्टींत नेहमी ज्योतच दिसते, तेल दिसत नाही. दीड-दोन हजार माणसांच्या वसाहतीत रोज पहाटे सत्तर जणींनी उठून एकत्र बसायचं, म्हणजे काय काय लागतं? घंटा लागते. उठवणारं कोणी लागतं. दळण, चूल, विहीर, माग, छापखाना यांच्या वेळा त्याभोवती बसवाव्या लागतात. मुक्तीच्या वार्तापत्राचं नावच मुळी 'मुक्ती प्रेअर बेल' होतं, यात सगळं आलं. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांच्या नावांच्या याद्या मुलींना वाटल्या जात. कोणीतरी दूरदेशातून पत्र लिहून आपली अडचण कळवायचं आणि दुष्काळातून आलेली एखादी मुलगी ते अनोळखी नाव रोज उच्चारायची. नंतर प्रार्थनेच्या तुकड्या करून मुली आसपासच्या गावांत जायला लागल्या. ही सगळी कंटाळवाणी व्यवस्था आहे. वारीला जाणाऱ्या घरात वाढलेल्या कोणालाही ही गोष्ट नवी वाटू नये. पंढरपुरात डोळे भरून येतात ते एका क्षणी, पण त्याआधी दिंडीत नंबर, तंबू, पाण्याचा टँकर आणि पहाटे साडेतीनची काकडआरती असते.

पण 'साक्षी'चा सर्वांत ताकदीचा भाग हा नव्हे. तो येतो सुरुवातीला, रमाबाईंच्या बालपणात. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई, भावंडं. एका तीर्थावरून दुसऱ्या तीर्थावर. देवळात किंवा घाटावर बसून पुराण वाचायचं, लोक येऊन ऐकणार, फुलं-फळं-पैसे ठेवून जाणार, त्यावर कुटुंब जगणार. ऐकणाऱ्यांना संस्कृत कळायची गरज नव्हती, कारण पुण्य नुसतं कानावर पडण्यात होतं. रमाबाई स्वतः लहान वयात हे वाचन करत. मग दुष्काळ येतो. कुटुंब उपास करतं, स्नानं करतं, मूर्तींपुढे तासन्‌तास बसतं, ब्राह्मणांना दान देऊन देऊन जवळचं संपवतं. शास्त्रात सांगितलेलं काही करायचं शिल्लक ठेवत नाही. आणि एकेक जण मरतो. हे लिहिताना रमाबाई आवाज चढवत नाहीत. उपासाचे दिवस मोजावेत तशी वाक्यं एकामागून एक येतात. मराठी किंवा इंग्रजी, कुठल्याही भाषेतल्या आत्मचरित्रांत भुकेवर इतकं थंडपणे लिहिलेलं मी फार थोडं वाचलं आहे.

म्हणून 'साक्ष' हे निव्वळ धर्मांतराचं पुस्तक आहे असं मला वाटत नाही. ते भक्तीच्या दोन शिस्तींची तुलना करणारं पुस्तक आहे. पहिल्या शिस्तीत उच्च जागी बसलेला एक जण न कळणारी भाषा वाचतो आणि बाकीचे ऐकतात. दुसरीत सत्तर जणी बसतात आणि प्रत्येकीला तोंड आहे. तेही घरी बोलायच्या भाषेत. मुक्तीत सगळ्या जणी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत. काही युरोपीय पाहुण्यांना तो गोंगाट सहन होत नसे. रमाबाईंनी वार्तापत्रातून या पद्धतीचा बचाव केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की भारतीयांना त्यांच्या स्वभावाप्रमाणे देवाशी बोलू द्या, पाश्चात्त्य शिष्टाचार म्हणजे धर्म नव्हे. जेराल्डीनशी भांडणारी रमाबाई ज्यांना आवडते त्यांनी इथे थांबून बघावं. ही तीच बाई आहे. वीस वर्षांनी तिने तेच भांडण पुढे नेलं, फक्त यावेळी पत्रातून नाही तर सभागृहातल्या आवाजातून.

इथपर्यंत माझं कौतुक. आता अडचणी.

पहिली अडचण भाषेचीच. संजीवनाच्या लाटेत मुक्तीतल्या काही मुली अशा भाषांत बोलू लागल्या ज्या त्यांना येत नव्हत्या, आणि बहुधा कोणालाच येत नव्हत्या. चर्चमध्ये याला 'अन्य भाषा बोलणे' म्हणतात. आता गंमत बघा. ज्या बाईने न कळणारं संस्कृत सोडलं, तिच्याच सभागृहात न कळणारे शब्द पवित्र ठरू लागले. मुक्तीने या गोष्टीला एकमेव खूण मानायचा आग्रह धरला नाही, अमेरिकेतल्या काही मंडळींनी धरला तसा. तरीही प्रश्न उरतो. एक उत्तर असं देता येईल, की पुराणात न कळणारी भाषा एकाची मक्तेदारी होती आणि इथे ती कोणाच्याही तोंडी येऊ शकत होती, अगदी काल अक्षर गिरवायला लागलेल्या मुलीच्याही. हे उत्तर मला अर्धंच पटतं. बोलणारी बदलली हे खरं. ऐकणारी मात्र दोन्हीकडे न समजताच मान हलवते आहे.

दुसरी अडचण जास्त मोठी, आणि तिच्यासाठी बारा वर्षं मागे जावं लागेल. शारदा सदन पुण्यात होतं तेव्हा संस्थेत धर्माचा प्रचार करायचा नाही असं ठरलेलं. रमाबाई आपल्या मुलीला, मनोरमेला घेऊन स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत आणि खोलीचं दार उघडं ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ उठला. 'केसरी'ने झोड उठवली, काही पालकांनी मुली काढून नेल्या, १८९३ साली रानडे-भांडारकरांसह सल्लागारांनी राजीनामे दिले. रमाबाईंची बाजू सरळ होती. मी कोणाला बोलावत नाही, पण माझ्या घरात माझ्या देवाची प्रार्थना करताना मी दार का लावून घेऊ?

या वादात मी डोळे झाकून रमाबाईंच्या बाजूने आहे. उघडं दार हा स्वातंत्र्याचा फार सुंदर नमुना आहे. आत यायला मोकळीक, न यायलाही मोकळीक. पण १८९३चं दार आणि १९०५ची घंटा यांत फरक आहे. दार तुम्हाला हाक मारत नाही. घंटा सगळ्यांना उठवते. शारदा सदनातल्या मुलींना नेणारे पालक तरी होते. मुक्तीतल्या कितीतरी मुलींना मुक्तीबाहेर कोणीच नव्हतं. अन्न, कपडा, छप्पर, अक्षर, सगळं एकाच हातून मिळत असताना त्या हाताने जोडलेल्या प्रार्थनेला नाही म्हणणं म्हणजे काय, हा प्रश्न विचारल्याशिवाय १९०५ वाचता येणार नाही. सत्तर जणी आपणहून पुढे आल्या असतील. नंतर वाढलेल्या शेकडोंबद्दल मी तेवढ्या खात्रीने बोलणार नाही. खोलीतली प्रत्येक मुलगी रडत असताना न रडणारी मुलगी कशी बसली असेल?

आणि हिशेब. त्या काळच्या वृत्तांतांत लोणावळ्याच्या शिबिराचा एक प्रसंग येतो. दुष्काळाच्या आधीची गोष्ट. ख्रिस्ती झालेल्या पंधरा मुलींसह रमाबाई तिथे होत्या आणि त्यांनी देवाकडे मागितलं, की या पंधराचा वर्ग कर. पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस. मग मध्य प्रांतात दुष्काळ पडला, रमाबाई तिकडे गेल्या आणि मुली आल्या. भक्तीच्या भाषेत याला प्रार्थनेचं उत्तर म्हणतात. मी हे वाचून दचकतो. ज्या बाईने आपले आईवडील दुष्काळात गमावले, तिला दुसऱ्यांच्या दुष्काळात गुणाकार दिसावा? पण मग हेही लक्षात येतं, की त्या वेळी त्या छावण्यांत जाऊन हाडांचे सापळे झालेल्या पोरींना बैलगाडीत आणि रेल्वेत घालून आणणारे लोक फार नव्हते. आपलं दचकणं आणि त्यांचं जाणं यांची तोलामोलाने तुलना होत नाही. मी दोन्ही तसंच ठेवतो.

तिसरी अडचण वाचकाची आहे. 'साक्ष' इंग्रजी, एब्रम्सची पुस्तिका इंग्रजी, वार्तापत्र इंग्रजी. वाचणारे देणगीदार, मित्रमंडळं, मिशनं. प्रार्थना मराठीत झाल्या, गुजरातीत झाल्या, हिंदीत झाल्या, आणि आपल्यापर्यंत आल्या त्या इंग्रजी सारांशात. त्या मुलींनी देवाला कसं हाक मारली? बापा म्हटलं, देवबाप्पा म्हटलं, की माउली म्हटलं? भूक हा शब्द आला का? ओव्या म्हणणाऱ्या बायकांच्या तोंडून जात्यावरचं वळण प्रार्थनेत उतरलं का? वाङ्मयाच्या दृष्टीने खरा ठेवा हा होता. एब्रम्सची पुस्तिका मात्र दूरवर गेली. त्यांनी ती चिलीतल्या वाल्पाराइसोला मे हूवर या मैत्रिणीला पाठवली आणि तिथल्या १९०९च्या पेंटेकोस्टल चळवळीच्या आरंभाच्या कथेत केडगावचं नाव कायमचं जोडलं गेलं. दौंडजवळच्या एका गावातल्या मुलींच्या आवाजाची बातमी दक्षिण अमेरिकेत पोचली, आवाज मात्र गावातच विरून गेला.

इथे मला रेव्हरंड टिळक आठवतात, आणि ते आठवायलाच हवेत. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. त्यांनी लाट आणली नाही. त्यांनी गाणी आणली. मराठी चर्च तोपर्यंत बऱ्याच अंशी इंग्रजी चालींवर भाषांतरित गीतं म्हणत असे. टिळकांनी अभंग, ओवी, भजन, कीर्तन हे सगळं आत आणलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. शेकडो गीतं लिहिली. 'उपासना संगीत' उघडलं तर आजही त्यांचा मोठा वाटा दिसतो. पाठ्यपुस्तकांनी त्यांना फुलामुलांचे कवी करून ठेवलं आणि ही बाजू चर्चच्या आवारात सोडून दिली.

रोजच्या भक्तीला काय टिकवतं, या प्रश्नाला टिळकांचं उत्तर रमाबाईंपेक्षा वेगळं आहे. गाण्याला उन्मादाची अट नसते. आज मन लागत नाही, विश्वास डळमळतोय, तरी चाल लागली की ओठ हलतात. शेजारी बसलेल्याला तुमच्या आत काय चाललंय हे कळत नाही आणि कळायची गरजही नसते. मुक्तीतल्या त्या न रडणाऱ्या मुलीला टिळकांच्या भजनात सहज जागा मिळाली असती. पेटी, टाळ, झांज, आणि कोपऱ्यात बसायची मोकळीक. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले यावेत, न घेतलेलेही यावेत, अशी कल्पना. हे पुन्हा १८९३चं उघडं दारच झालं. टिळक १९१९ साली गेले आणि दरबार फार पुढे गेला नाही. गाणी मात्र पुढे गेली.

लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' या सगळ्याशेजारी ठेवून वाचा. भक्तीच्या उंच पट्टीला हसता येणं किती महत्त्वाचं असतं ते कळतं. नवऱ्याचा देवावरचा भरवसा आणि घरातला रिकामा डबा, दोन्ही त्या एकाच दमात सांगतात. त्यांचं स्वतःचं परिवर्तनही कुठल्या सभेत झालं नाही. जातपात देवाने केली की माणसाने, हा विचार एका दिवशी मनात सरळ झाला आणि विटाळ संपला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. रमाबाईंच्या 'साक्षी'त विनोद नाही. असायलाच हवा असं नाही, पण एवढी मोठी संस्था, एवढ्या मुली, आणि कोणी कधी प्रार्थनेत पेंगलं नाही, कोणाला हसू फुटलं नाही? साक्ष देणाऱ्या गद्याची ही मर्यादा आहे. देणगीदाराला पेंगणारी मुलगी दाखवता येत नाही.

मग १९०५मधून रमाबाईंच्या हाती मराठी काय लागलं? याचं उत्तर त्यांच्या बायबलात आहे. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी भाषांतर करण्याचं काम त्यांनी याच काळात हाती घेतलं आणि मरेपर्यंत केलं. आधीच्या भाषांतरांतली संस्कृतप्रचुर भाषा त्यांना नको होती. कमी शिकलेल्या बाईला वाचता यावं, हा कस. संस्कृतात पंडिता ही पदवी मिळवलेली बाई एकेक संस्कृत शब्द निवडून बाहेर काढते आहे, हे चित्र मला जूनच्या रात्रीपेक्षा जास्त धगधगीत वाटतं. निकाल नेहमीच चांगला लागला असं नाही. कुठे वाक्य अडखळतं, कुठे शब्द ओबडधोबड होतो, मूळाला इतकं चिकटून राहतात की मराठीचा श्वास अडतो. रसिकांनी नाकं मुरडली तर मी त्यांना दोष देणार नाही. पण हे भाषांतर एकट्याने डोळ्यांनी वाचायला केलेलं नाही. ते एकीने वाचून दुसरीला ऐकवायला केलेलं आहे, आणि ऐकणारीला कळलं पाहिजे या अटीवर. मोठ्याने वाचून बघा, बरीचशी खडबड जागेवर बसते.

१९२१ साली मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. छापून पूर्ण बायबल बाहेर पडलं ते १९२४ साली, मुक्तीच्याच छापखान्यातून. त्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मुक्तीतल्याच बायका होत्या. त्यांतल्या कितीतरी जणी केडगावात आल्या तेव्हा त्यांना एकही अक्षर येत नव्हतं.